मफलर तिसऱ्यांदा उसवल्यावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अकराव्या-बाराव्या वर्षी आईशेजारी बसून विणकामातले सुलट-उलट टाके शिकलात, एक-दोन लहान वस्तू पूर्णही केल्यात. मग तीस वर्षं सुयांना हात लावला नाही. आता त्रेचाळिशीत पुन्हा सुरुवात केलीत आणि दोन महिन्यांत एकच मफलर तीनदा उसवलात. हात विसरलेत, की माझ्यातच धीर नाही? आणि पूर्वीसारखं विणता यायला किती दिवस लागतील?

मी बावीस वर्षं मोठ्या माणसांना विणकाम शिकवते आणि स्वतःही अडतिसाव्या वर्षी ते पुन्हा शिकले आहे. आधी धीराचं बोलते, कारण तुम्ही स्वतःला उगाच बोल लावताय. तीनदा उसवूनही चौथ्यांदा टाके घालायचं मनात असलेल्या बाईला अधीर कसं म्हणायचं? तुमची अडचण वेगळीच आहे. तुम्हाला विणता येतं, पण विणलेलं वाचता येत नाही. चूक कुठे झाली ते दिसत नाही, म्हणून तेवढीच दुरुस्त करता येत नाही, म्हणून अख्खं उसवावं लागतं. दर चुकीला वीतभर काम मातीत जाणार असेल तर कुणाचाही धीर सुटेल. माझ्याकडे येणाऱ्या 'अधीर' माणसांपैकी बहुतेकांना टाका दुरुस्त करता यायला लागला आणि त्यांचा स्वभाव बदलल्यासारखा वाटू लागला. स्वभाव होता तोच होता. भीती गेली होती.

हात विसरले का, याचं उत्तर मात्र निर्धास्तपणे देता येतं: नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणशक्तीवरचे स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करायच्या, विसरायच्या, पुन्हा पाठ करायच्या, असं त्याने चिकाटीने केलं. त्यात दिसलं असं, की वरवर पार विसरलेली गोष्टसुद्धा दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. आणि ही तर नुसती पाठांतराची गोष्ट झाली. हाताच्या सवयी त्याहून खोल बसतात. हेन्री मोलेसन नावाच्या माणसावर १९५३ साली अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवं काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज त्याला वाटायचं, हे आपण आयुष्यात पहिल्यांदा करतोय. तरी तीन दिवसांत त्याच्या चुका कमी होत गेल्या. त्याला आठवत नव्हतं, पण हाताला येत होतं. तुमचीही तीस वर्षांपूर्वीची सुलट-उलट अशीच कुठेतरी जपून ठेवलेली आहे.

पण त्यात एक मेख आहे, आणि ती मला स्वतःला चांगलीच लागली होती. पहिल्या संध्याकाळी मी सुया धरल्या आणि हात आपसूक चालू लागले. दहा-बारा ओळी झाल्या. मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी जरा निरखून बघायला लागले, 'धागा नक्की पुढून जातो की मागून', आणि सगळं थांबलं. जिना उतरताना आपल्याच पावलांकडे लक्ष गेलं की अडखळायला होतं ना, अगदी तसं. पुढचा आठवडाभर माझं विणकाम पहिल्या संध्याकाळपेक्षा वाईट होतं. तुमचाही मफलर पहिल्यांदा बऱ्यापैकी वाढला आणि मग बिघडत गेला असेल, तर ती अधोगती समजू नका. हात जे बिनबोलत करत होते ते डोक्याला आता समजून घ्यायचंय, आणि त्या मधल्या काळात दोघंही एकमेकांच्या पायात येतात.

दुसरी गोष्ट, हात आठवतात ते सगळंच्या सगळं आठवतात, लहानपणच्या चुकांसकट. तुमच्या मफलरची वीण 'एक ओळ गुळगुळीत, एक ओळ पिळवटलेली' दिसते असं तुम्ही लिहिलंय. फोटो न बघताही सांगते, तुमचे टाके एकाआड एक ओळीत पिळले जाताहेत. सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढे, एक मागे. नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे असतो, आणि सुलट विणताना आपण त्या पुढच्या पायातून सुई घालतो. उलट टाका घेताना धागा सुईवरून, वरून खाली यायला हवा. लहान मुलांना तो खालून ओढून घेणं सोपं जातं, कारण अंतर कमी पडतं. तसं केलं की टाका पाय बदलून बसतो, डावा पुढे. पुढच्या ओळीत तुम्ही सवयीने पुढच्या पायातून विणता आणि टाका पायावर पाय टाकून बसतो. अशी वीण घट्ट होते, कमी ताणली जाते.

आता हे सुधारायचं कसं? इथे माझं मत बऱ्याच शिक्षिकांपेक्षा वेगळं आहे. तीस वर्षांची सवय मोडायच्या भानगडीत पडू नका. धागा खालून घेत असाल तर घ्या, फक्त पुढच्या सुलट ओळीत मागच्या पायातून विणा, म्हणजे पीळ उलगडतो. पुष्कळ उत्तम विणणारे मुद्दाम असंच विणतात, त्यात उलट ओळ भरभर होते. एवढंच, की टाके कमी करायची वेळ आली की नमुन्यातली, म्हणजे विणायच्या लिखित कृतीतली, सूचना जशीच्या तशी लागू पडणार नाही, तेव्हा कुठला पाय पुढे आहे ते बघून मग सुई घालायची. पुन्हा तेच आलं, टाका वाचता यायला हवा.

म्हणून चौथा मफलर घालायच्या आधी एक काम करा. फिक्या रंगाची, मध्यम जाडीची, फार केसाळ नसलेली लोकर घ्या. तीस टाके घाला, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशा बारा-चौदा ओळी विणा. मग सुलट बाजू समोर ठेवून मधला एखादा टाका, समजा पंधरावा, मुद्दाम सुईवरून सोडून द्या. हो, मुद्दाम. पोटात गोळा येईल, येऊ द्या. वर्गात या क्षणी मोठमोठी माणसं डोळे मिटून घेतात. आणि मग दिसतं, की काहीच घडत नाही. टाका तिथेच तोंड उघडं टाकून बसलेला असतो. लोकरीचे तंतू खरखरीत असतात, एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे टाका धावत खाली जात नाही. त्याला हाताने ओढून खाली न्यावं लागतं. सहा ओळी खाली न्या.

आता त्या जागी शिडी दिसेल. आडवे सहा धागे, एकेक पायरी म्हणजे एकेक ओळ, आणि सगळ्यात खाली सुटलेला टाका. क्रोशाची सुई समोरून त्या टाक्यात घाला, लगेच वरची पायरी आकड्यात धरा आणि टाक्यातून बाहेर ओढा. झाली एक ओळ. मग पुढची पायरी. पायऱ्या चुकवायच्या नाहीत, खालून वर क्रमानेच यायचं. सहावी पायरी ओढली की टाका सुईवर ठेवा, उजवा पाय पुढे ठेवून. जरा आजूबाजूचे टाके ताणून सारखे करा. कुठे सोडला होता ते तुमचं तुम्हाला सापडणार नाही.

हे दहा वेळा करा. पाच वेळा सुलट बाजूने, पाच वेळा काम फिरवून उलट बाजूने, कारण उलट टाक्याचा उंचवटा मागून बघितला की तोही सुलटच असतो. हीच ती मधली सगळी गंमत आहे: सुलट आणि उलट असे दोन टाके नाहीतच, एकच टाका आहे, दोन बाजूंनी बघितलेला. मला हे कळायला पहिल्या खेपेची चार वर्षं आणि दुसऱ्या खेपेचे तीन महिने लागले. आईने सांगितलं नव्हतं असं नाही, पण अकराव्या वर्षी कानात शिरतं ते डोळ्यांत उतरत नाही.

माझ्याकडे एक निवृत्त हिशेबनीस यायचे. प्रत्येक ओळ तीनदा मोजायचे, वहीत खूण करायचे, आणि तरी त्यांचा टाका दर चार ओळींत एकने वाढायचा. ते वैतागून म्हणायचे, "मोजणीत चूक नाही, बाई, हे आपोआप होतंय." मोजणीत चूक नव्हतीच. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे ओढला जायचा, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येऊन दोन टाक्यांसारखे दिसायचे, आणि ते इमानेइतबारे दोन्ही विणायचे. आकडा सांगतो चूक झाली आहे, कुठे ते सांगत नाही. मी त्यांची वही आठवडाभर ठेवून घेतली. रुसले होते थोडे.

तुमच्याच वयात आणखी एक अडचण असते, जिला लोक धीराच्या खात्यात टाकतात. आपल्या भाषेत चष्म्यालाच चाळिशी म्हणतात ते उगाच नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर होतं. विणताना काम वाचनाच्या अंतरापेक्षा कधी थोडं जवळ असतं, कधी लांब. तपासणीला जाताना सुया-लोकर बरोबर न्या आणि ज्या अंतरावर विणता ते दाखवा. तुम्ही गडद निळी लोकर घेतली आहे, ती तूर्त बाजूला ठेवा. गडद रंगात टाक्यांच्या सावल्या दिसत नाहीत आणि सावलीवरूनच तर आपण टाका ओळखतो. दिवा खांद्यामागून नको, बाजूने हवा.

मनगट आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणालात. विणताना मधेच थांबून नखांकडे बघा. पांढरी पडली असतील तर तुम्ही सुई आवळून धरताय. टाका निसटेल या भीतीने माणूस आवळतो, आवळल्यावर टाके घट्ट होतात, घट्ट टाक्यात सुई शिरत नाही, मग आणखी जोर. धातूच्या गुळगुळीत सुया तात्पुरत्या बदलून बांबूच्या किंवा लाकडाच्या घ्या. त्यांवर टाके घसरत नाहीत, त्यामुळे बोटं आपोआप सैलावतात. वीस मिनिटं झाली की सुया खाली. दुखणं राहिलं, मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवा, त्यात धीर धरू नका.

सुयांवरून आठवलं. आईच्या जुन्या सुयांवर ८, १० असे आकडे असतील आणि इंटरनेटवरच्या नमुन्यातही तेच आकडे दिसतील, म्हणून फसू नका. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५. अमेरिकी पद्धत नेमकी उलट, तिथे ८ म्हणजे ५ मिलिमीटर आणि १० म्हणजे ६. मिलिमीटर बघायचे, बाकी काही बघायचं नाही.

आता मफलरबद्दल. नव्याने सुरुवात करणाऱ्याला सगळे मफलर सांगतात. मी कधीच सांगत नाही. चाळीस टाके, दीड मीटर, तेच ते. दहाव्या सेंटिमीटरला जे शिकायचं ते शिकून होतं आणि पुढे नुसतं रेटणं उरतं. त्यात भर म्हणजे सुरुवातीची वीण आणि शेवटची वीण एकाच वस्तूत शेजारी दिसते. तुमचा हात महिन्याभरात सुधारला, म्हणून पहिला वीतभर भाग डोळ्यांना खुपायला लागला, म्हणून तुम्ही उसवलात. हो की नाही? लहानपणी हे होत नव्हतं, कारण तेव्हा आपली आवडनिवड हाताएवढीच लहान होती. आता डोळ्यांनी तीस वर्षं उत्तम विणलेलं बघितलंय आणि हात अजून बाराव्या वर्षातच आहे. ही तफावत मोठ्या वयात शिकणाऱ्या प्रत्येकाला बोचते. तिच्यावर मला एकच उपाय सापडला आहे, चौकोन. तीस टाके, चाळीस ओळी, संपला की टाके बंद. कोपऱ्यात तारखेची चिठ्ठी टाचून ठेवून द्यायचा. उसवायचा नाही, कितीही वाईट झाला तरी. चौदावा चौकोन पहिल्याशेजारी ठेवला की पुढचं मला सांगावं लागत नाही. पुढे ते जोडून पांघरूण होतं, पण ते नंतरचं.

मोठ्या कामात मात्र राखणीचा दोरा घालायची सवय आत्तापासून लावा. बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवायचा आणि दर वीस ओळींनंतर विणायच्या सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून तो काढून तसाच ठेवायचा. पुढे काही बिघडलं तर बेलाशक उसवा, वीण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते. टाके दोऱ्यावर रांगेत उभे असतात, त्यांतून सुई परत घातली की झालं.

वेगाची हौस असेल तर ती सोडून द्या, कारण ती शर्यत हातांनी केव्हाच हरली आहे. १५८९ साली विल्यम ली नावाच्या इंग्रज धर्मगुरूने मोजे विणायचं यंत्र बनवलं, तेव्हापासून यंत्रच पुढे आहे. हिशेबच करून बघा. दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात असं धरलं, तर १०० सेंटिमीटर घेराच्या आणि ६५ सेंटिमीटर लांबीच्या स्वेटरच्या नुसत्या अंगाला २२० टाके आणि १९५ ओळी, म्हणजे ४२,९०० टाके लागतात. काखेचे उतार थोडे वजा होतील, बाह्या मिळवाव्या लागतील. मिनिटाला वीस टाके पडले तर अंगालाच जवळपास छत्तीस तास. आकडा घाबरवायला देत नाहीये. उलट, एखादा टाका दुरुस्त करायला पाच मिनिटं गेली तर त्याचं काही वाटून घ्यायचं नाही, हे त्या छत्तीस तासांपुढे लगेच पटतं.

याच हिशेबातून नमुन्याचा तुकडा, म्हणजे माप बघायला विणलेला छोटा चौकोन, आधी विणण्याचं महत्त्वही कळतं. नमुन्यात दहा सेंटिमीटरला २२ टाके आहेत आणि तुमच्या हाताला २० येतात. फरक दोनच टाक्यांचा. पण ११० टाक्यांचा पाठीचा भाग ५० ऐवजी ५५ सेंटिमीटरचा होतो, पुढचाही तसाच, आणि स्वेटर घेराला दहा सेंटिमीटर ढगळ. माझ्या दुसऱ्या डावातला पहिला स्वेटर असाच झाला होता. त्यात मी आणि माझी भाची एकाच वेळी मावलो. तुकडा विणा, धुवा, वाळवा, आणि मधल्या भागात मोजा, कडेला नाही. हात सैल असेल तर सुई बारीक घ्या. हात बदलायला जाऊ नका.

किती दिवस लागतील? रोज वीस मिनिटं बसलात तर हात सहा-आठ आठवड्यांत सरावतात, असा माझा अनुभव आहे. रविवारी सलग तीन तास बसणाऱ्यांना जास्त लागतात. बोटांच्या हालचाली सरावानंतरच्या झोपेतही पक्क्या होतात, त्यामुळे रोज थोडं म्हणजे मधल्या रात्रीही जमेस धरल्या जातात. टाके वाचता यायला किती लागतील, ते मात्र तुम्ही किती टाके मुद्दाम सोडता यावर आहे. मधे एखादा आठवडा असा येईल की काहीच सुधारत नाही असं वाटेल. तेव्हा नवीन नमुना घेऊ नका, जुनाच चौकोन दुसऱ्या जाडीच्या लोकरीने विणा.

राहिला शेवटचा प्रश्न, तीनदा उसवलेल्या लोकरीचं काय करू. टाकू नका. ती आता कुरळी झाली असेल, आणि तशीच विणली तर टाके खालीवर होतील, मग पुन्हा दोष स्वतःला द्याल. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची सैल लडी करा, चार ठिकाणी ढिल्या दोऱ्याने बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. चोळू नका, पिळू नका, नाहीतर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून तिचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला थर, होईल. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टांगून ठेवा. ओल्या लोकरीतले बंध सैल होतात आणि वाळताना नव्याने जुळतात, केसांचं होतं तसंच, त्यामुळे कुरळेपणा बराचसा जातो. अ‍ॅक्रिलिक असेल तर इतका फरक पडणार नाही. वाळायला एखादा दिवस लागेल. तोवर फिक्या लोकरीचे तीस टाके घाला आणि पंधरावा सोडा.